नळी कधी काढणार?

काकांचं हाड खुब्यात मोडलं तेव्हा ते एक्क्याऐंशी वर्षांचे होते. ऑपरेशन छान झालं. चौथ्या दिवशी वॉकर धरून ते खोलीच्या दारापर्यंत गेले. लघवीची पिशवी वॉकरच्या दांडीला अडकवली होती आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. नवव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. लघवीचं कल्चर पाठवलं. रिपोर्टमध्ये ई. कोलाय निघाला आणि खालच्या औषधांच्या यादीपुढे जवळजवळ सगळीकडे ‘एस’. म्हणजे सेन्सिटिव्ह, औषधाला दाद देणारा जंतू.

मी सव्वीस वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं आहे. रिपोर्ट पाहून मीच काकूंना म्हणाले, “काळजी नको, साधा जंतू आहे.” पाच दिवस इंजेक्शनं झाली, ताप उतरला, घरी सोडायचा दिवस ठरला. आदल्या रात्री ताप परत.

रात्रपाळीच्या सिस्टर बीपी बघायला आल्या होत्या. त्यांनी चादर बाजूला केली आणि विचारलं, “बाबांची नळी किती दिवसांची आहे?” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बोटांवर मोजलं तर सतरावा दिवस निघाला. जो माणूस तेरा दिवसांपूर्वी दारापर्यंत चालत गेला होता, त्याला लघवीसाठी नळी कशाला लागत होती, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. सकाळी नळी काढली. मी ती मागून घेतली, हातमोजा घालून तिचं टोक बोटांत चोळलं. बुळबुळीत, आणि त्या बुळबुळीत बारीक वाळूसारखी कचकच. त्यानंतर तेच इंजेक्शन, तेवढेच दिवस दिलं. ताप गेला तो गेलाच.

एवढी वर्षं हेच शिकवणारी बाई सतरा दिवस त्या पिशवीशेजारच्या खुर्चीत बसून होती आणि तिने तो प्रश्न एकदाही विचारला नाही. हा लेख त्या शरमेतून लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते.

दुसऱ्या वर्षाच्या मुलांना आम्ही एक सोपं प्रात्यक्षिक द्यायचो. काचेच्या नळीत जिवाणू वाढवायचे, दुसऱ्या दिवशी आतलं द्रव ओतून टाकायचं आणि नळी हलक्या हाताने विसळायची. नळी स्वच्छ, रिकामी दिसते. मग तिच्यात क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग घालायचा, थोडा वेळ थांबून धुवायचं. काचेला आतून गडद जांभळं कडं चिकटून राहतं. मुलं चकित व्हायची, कारण ओतून दिलेले जिवाणू वेगळे आणि हे वेगळे. द्रवात तरंगणारे एकेकटे असतात. काचेला धरून बसलेल्यांनी स्वतःभोवती साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि डीएनए यांचा चिकट गर तयार केलेला असतो आणि त्या गरात ते वस्ती करून राहतात. हीच बायोफिल्म. माठाच्या आत बोट फिरवल्यावर लागते ती बुळबुळ, घाटाच्या पायरीवरून पाय घसरवते ती बुळबुळ, सकाळी दातांवर जिभेला लागते ती साय, सगळी याच जातीची. माठातलं पाणी रोज बदललं म्हणून ती जात नाही, काथ्या घेऊन आतून घासावं लागतं, हे घरात प्रत्येकीला ठाऊक असतं.

हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या आंतोनी व्हान लेव्हनहूकलाही ते कळलं होतं. दातांवरच्या किटणातले ‘छोटे प्राणी’ त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, मग व्हिनेगरने चूळ भरून पुन्हा पाहिले. १६८४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत छापल्या गेलेल्या पत्रात त्याने लिहिलं की व्हिनेगरने किटणाच्या बाहेरच्या बाजूचे प्राणी तेवढे मेले, आत ते पोचलंच नाही. त्याला तीनशे चाळीस वर्षं झाली. आपण अजून जास्त कडक व्हिनेगर शोधतो आहोत.

औषध आत पोचत नाही हे एक वेळ समजता येतं. पण आपल्या पांढऱ्या पेशी तर जिवंत, चालत्या-फिरत्या. त्या का हरतात? ही गोष्ट नीट सांगायला हवी, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यातच आहे.

१८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावात इल्या मेचनिकॉव्हने ताऱ्यामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. सकाळी पाहतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. परक्या वस्तूला गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी शरीरात असतात ही कल्पना त्या काट्यातून निघाली आणि १९०८ साली पॉल एअरलिकबरोबर त्याला नोबेल मिळालं. वर्गात आपण इथे थांबतो, कारण गोष्ट विजयाची आहे. पण त्या अळीतला काटा पेशींना गिळता आला नव्हता. त्यांनी नुसता गराडा घातला होता. रुग्णाच्या शरीरात नळी, तार, स्क्रू किंवा कृत्रिम सांधा बसतो तेव्हा नेमकं तेच चित्र दिसतं, फरक एवढाच की या काट्यावर कुणीतरी राहायला आलेलं असतं.

न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी साधारण १२ ते १५ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या १२ ते १५ हजारांश भागांएवढी. जिवाणू एखाद्या मायक्रॉनचा. एकटा सापडला तर ती त्याला सहज वेढून गिळते आणि पोटात घेऊन मारते. आपलं शरीर अशा सुमारे १०० अब्ज पेशी रोज नव्याने बनवतं, म्हणजे सैन्याची कमतरता नाही. पण गरात एकमेकांना चिकटलेल्या हजारो जिवाणूंचा गठ्ठा समोर आला की गिळायचं काय आणि कुठून? पेशी त्या गठ्ठ्यावर पसरते, तोंड मिटत नाही, आणि जी मारक रसायनं आपल्या पोटातल्या बंद कप्प्यात ओतायची ती उघड्यावर सांडते. इंग्रजीत तिला ‘वैफल्यग्रस्त भक्षक’ म्हणतात. मला तो शब्द फार हळवा वाटतो. आपल्याकडे याला चडफडणं म्हणतात. त्या चडफडण्यात जिवाणूंचं फारसं बिघडत नाही, भोवतालची आपलीच ऊती मात्र भाजून निघते. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात फुफ्फुसात स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूच्या गुठळ्या वर्षानुवर्षं ठाण मांडतात. कोपनहेगनच्या नील्स हॉयबी यांनी गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकापासून या रुग्णांचा अभ्यास केला. तिथे फुफ्फुस झिजवण्यात मोठा वाटा न्यूट्रोफिलांच्या या सांडलवंडीचाच असतो.

शिवाय वस्तीतले रहिवासी हातावर हात ठेवून बसत नाहीत. आपली संख्या पुरेशी झाली आहे हे स्यूडोमोनासला एकमेकांच्या रासायनिक निरोपांवरून कळतं आणि मग तो ऱ्हॅम्नोलिपिड नावाचा साबणासारखा पदार्थ सोडतो. जवळ आलेली न्यूट्रोफिल त्याने फुटून जाते. हे डेन्मार्कच्या संशोधकांनी दाखवून दिलं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस त्याहून बेरकी. न्यूट्रोफिल मरता मरता आपला डीएनए बाहेर फेकून जिवाणूंवर जाळं टाकते, हे २००४ साली बर्लिनमध्ये उघडकीला आलं. हा जंतू ते जाळं एका विकराने कापतो, कापलेल्या तुकड्यांपासून दुसऱ्या विकराने डीऑक्सिअ‍ॅडेनोसिन बनवतो, आणि त्या विषाने पुढून येणाऱ्या मॅक्रोफेज या दुसऱ्या भक्षक पेशी मरतात. आपण टाकलेल्या जाळ्याच्याच दोरीने आपल्या मागच्या तुकडीचा गळा. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली हे प्रसिद्ध केलं तेव्हा मी वर्गात तीन वेळा सांगितलं, इतकं ते मला विलक्षण वाटलं होतं. उंदरांतल्या प्रयोगांत असंही दिसलं की याच जंतूच्या बायोफिल्मभोवती जमणाऱ्या मॅक्रोफेज लढण्याऐवजी डागडुजीच्या कामाला लागतात. लढाई संपली समजून गवंडीकाम सुरू.

आणि तरीही यातलं सगळ्यात महत्त्वाचं पात्र जिवाणू नाही. १९५७ साली एलेक आणि कोनेन या दोघांनी लंडनमध्ये एक प्रयोग केला, आज कुठलीही समिती परवानगी देणार नाही असा. स्वयंसेवकांच्या कातडीत त्यांनी स्टॅफिलोकॉकस टोचला. पू व्हायला लाखो जिवाणू लागले. मग कातडीत रेशमाच्या टाक्याचा एक धागा ठेवून टोचला, तर काहीशे पुरले. जंतू तोच, माणूस तोच, फरक एका धाग्याचा. जिथे रक्त पोचत नाही, जिथे पेशींना धरून उभं राहायला जिवंत जागा नाही, असा पृष्ठभाग शरीरात ठेवला की प्रतिकारशक्ती त्या जागेपुरती लुळी पडते.

म्हणून माझं म्हणणं असं की बायोफिल्मचा प्रश्न हा आधी जंतूंचा प्रश्न नाही. शरीरात परका पृष्ठभाग कुणी ठेवला, कशासाठी ठेवला आणि तो अजून तिथे का आहे, याचा आहे. हा निर्णय माणसं घेतात. किंवा घेतच नाहीत, आणि नळी राहून जाते.

आपल्याकडे प्रतिजैविकांवरची चर्चा मात्र एकाच रुळावरून धावते. लोक गोळ्या वाट्टेल तशा घेतात, केमिस्ट चिठ्ठीशिवाय देतो, जंतू निर्ढावतात, नवी औषधं येत नाहीत. सगळं खरं. २०१४ पासून शेड्यूल एच-वन ही औषधांची यादी लागू झाली, त्यात बऱ्याच वरच्या औषधांची नोंद ठेवणं केमिस्टला सक्तीचं झालं, ते बरंच झालं. पण काकांचा जंतू निर्ढावलेला नव्हता. कागदावर तो बिचारा गरीब होता. प्रयोगशाळेत औषधाच्या चकत्या ठेवून आपण जी परीक्षा घेतो ती सुट्या, भरभर वाढणाऱ्या जिवाणूंची. नळीला चिकटून, अर्धवट झोपेत राहणाऱ्यांची परीक्षा कुणी घेतलेलीच नसते. १९४४ साली डब्लिनच्या जोसेफ बिगर यांना दिसलं होतं की पेनिसिलिनमधून थोडे जिवाणू वाचतात, आणि त्यांची पुढची पिढी पुन्हा पेनिसिलिनने मरते. म्हणजे वाचणारे प्रतिरोधक नव्हते, नुसते दडून तग धरणारे होते. बायोफिल्ममध्ये अशा दडून बसलेल्यांची सोयच असते, आणि तिथे औषधाची मात्रा शेकडो पट वाढवली तरी पुरत नाही असं प्रयोगांत दिसतं. तेवढं औषध माणसाला देताच येत नाही.

१९८२ साली कॅनडातल्या टॉम मॅरी आणि बिल कॉस्टर्टन यांनी एका रुग्णाची हकिगत छापली. पेसमेकर बसवलेला, रक्तात वारंवार स्टॅफिलोकॉकस, औषधाचे लांबलचक कोर्स होऊनही पुन्हा पुन्हा. शेवटी तार काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर ती जिवाणूंच्या जाड थराने मढलेली. हे दाखवल्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली, आणि आजही ताप परत आला की नातेवाईकांच्या तोंडी पहिलं वाक्य येतं, “डॉक्टर, जरा हायर अँटिबायोटिक द्या ना.” डॉक्टरही देतात. अशी वरची औषधं निष्कारण झिजतात आणि मग खरोखरचा प्रतिरोध पोसला जातो. दोन्ही प्रश्न इथे येऊन एकमेकांना मिळतात.

‘हे डॉक्टरांना माहीत नाही का?’ असं कुणी विचारेल. तत्त्व सगळ्यांना माहीत असतं. नळी असलेल्या रुग्णात रोज ३ ते ७ टक्के या वेगाने लघवीत जंतू येण्याचा धोका वाढत जातो आणि महिन्याभरात जवळपास प्रत्येकाच्या लघवीत ते सापडतात, हे पाठ्यपुस्तकात असतं. दोन आठवड्यांहून जुनी नळी असेल तर आधी ती बदलावी आणि नव्या नळीतून कल्चर घ्यावं, हेही लिहिलेलं असतं. माहीत नसतं ते हे, की समोरच्या चादरीखाली नळी आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, सन २००० च्या, राउंडवरच्या डॉक्टरांना त्यांच्या रुग्णांबद्दल विचारलं गेलं. २८ टक्के वेळा रुग्णाला नळी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. विद्यार्थ्यांमध्ये हे प्रमाण सगळ्यात कमी, आणि सगळ्यात वरच्या डॉक्टरांमध्ये ३८ टक्के. जो काढायचा हुकूम देऊ शकतो तोच सगळ्यात अनभिज्ञ. चादर रोज उचलते ती सिस्टर, पण हुकूम तिचा चालत नाही.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या शंभरावर अतिदक्षता विभागांनी २००३ पासून पाच साध्या गोष्टी पाळायला सुरुवात केली. मोठ्या शिरेत नळी घालताना हात धुणे, रुग्णाला पूर्ण झाकणे, कातडी क्लोरहेक्झिडिनने पुसणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. नळीच्या दर हजार दिवसांमागे रक्तातल्या संसर्गाचं सरासरी प्रमाण ७.७ होतं, ते दीड वर्षात १.४ वर आलं. यात एकही नवं औषध नव्हतं. हे काम मांडणाऱ्या डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या निबंधातली माझ्या दृष्टीने सगळ्यात क्रांतिकारक गोष्ट म्हणजे डॉक्टरने पायरी चुकवली तर त्याला थांबवण्याचा अधिकार नर्सला दिला होता. आपल्या वॉर्डात ही गोष्ट मनात आणून पाहा. सिस्टर सर्जनला म्हणतेय, “सर, थांबा.”

आता आपल्या राज्याचं पाहू. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली, त्याआधी फेब्रुवारीत स्टेंटवर. मोठी बातमी झाली. २०२१ च्या नियमांनी महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावायला सांगितलं. म्हणजे गुडघा कितीला बसतो हे विचारायचा हक्क आपल्याला मिळाला. इथे बसवलेल्या शंभर गुडघ्यांपैकी किती पिकतात, हे विचारायचा मिळाला नाही. गुडघा पिकला तर काय होतं, हे ज्या घराने पाहिलं आहे त्याला विचारा. पहिल्या थोड्या दिवसांत लक्षात आलं तर उघडून, खरवडून, धुऊन, प्लास्टिकचा भाग बदलून निभावतं. उशीर झाला तर सांधाच काढावा लागतो, औषध मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा मध्ये ठेवून काही आठवडे काढायचे आणि मग दुसरा सांधा. तिथेही मुख्य औषध खरवडणं आणि काढणं हेच.

दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने देशातल्या काही रुग्णालयांचं संसर्गमोजणीचं जाळं चालतं, आणि ते चांगलं काम आहे. पण त्यात मोठी रुग्णालयं आहेत. तालुक्याच्या गावातल्या पंधरा खाटांच्या नर्सिंग होममधल्या नळ्या कुणाच्या गणतीत नाहीत.

माझ्या ओळखीतले डॉक्टर यावर चिडतात, आणि त्यांचा एक मुद्दा मला पटतो. आकडे जाहीर करा म्हटलं की जे रुग्णालय गंभीर रुग्ण घेतं तेच वाईट दिसणार, आणि जे कल्चर पाठवतच नाही ते स्वच्छ. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याने ऑक्टोबर २००८ पासून अशा नळीजन्य संसर्गांचे जादा पैसे देणं बंद केलं. चार वर्षांनी तपासलं तर त्या शिक्षेने संसर्गाच्या दरात मोजण्याजोगा फरक पडलेला दिसला नाही. शिक्षा लावली की लेखणी सावध होते. म्हणून मी दंडाची मागणी करत नाही, संसर्गाचा आकडा लगेच पाटीवर लावा असंही म्हणत नाही.

मी त्याहून बारकं काही मागते आहे: दिवस मोजा. कुठल्या रुग्णाला कुठली नळी कोणत्या तारखेला घातली आणि आज कितवा दिवस. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, तज्ज्ञ लागत नाही, खाटेच्या पायथ्याशी असलेल्या तक्त्यावर एक रकाना लागतो. ठरलेल्या दिवसांनंतर नळी ठेवायची असेल तर डॉक्टरने कारण लिहावं, कारण नसेल तर सिस्टरने ती काढावी, विचारायला न जाता. आज काढायला परवानगी लागते आणि ठेवायला लागत नाही, ते उलटं व्हावं. सरकारी जनआरोग्य योजनेतून ज्या रुग्णालयांना पैसे मिळतात त्यांच्यापासून सुरुवात करता येईल, कारण तिथे कागद तसेही भरावेच लागतात.

यात आपलीही एक चोरी आहे. नळी पुष्कळदा आजारासाठी नसते, सोयीसाठी असते. चाळीस खाटांना दोन सिस्टर आणि एक मावशी असली की प्रत्येक म्हाताऱ्याला दर तीन तासांनी भांडं कोण देणार? रात्री उठायला नको म्हणून नातेवाईकच म्हणतात, “असू दे ना, त्यांनाही बरं पडतं.” आम्हीही म्हणालो असू, मला नक्की आठवत नाही, पण म्हणालो असूच. म्हणजे नळीचे दिवस कमी करायचे तर वॉर्डात माणसं वाढवावी लागतील, आणि हा खर्च औषधांच्या खर्चासारखा रुग्णाच्या बिलावर ढकलता येत नाही. म्हणूनच बहुधा हायर अँटिबायोटिक सगळ्यांना सोपं वाटतं.

एका छोट्या रुग्णालयाच्या मालक-डॉक्टरांना मी हा रकान्याचा विचार सांगितला. ते म्हणाले, “मॅडम, आणखी एक रजिस्टर लिहायला माणूस कुठून आणू?” घरी येऊन मी काकांचं बिल पुन्हा काढलं. ऑक्सिजन, साडेसहा तास. हातमोजे, बावीस जोड्या. फोलीज कॅथेटर, म्हणजे ती नळी, एक. युरोबॅग, तीन. प्रत्येक गोष्ट कुणीतरी मोजली होती, कापसासकट. नळी घातली त्या दिवसाची तारीख तेवढी चार पानांत कुठेच सापडली नाही.